बर्फावरच्या झोपडीतली शेगडी

डोनाचं नाव आधी घेते. तिला मराठी येत नाही, हा कागद तिच्या हातात पडला तर कुठून धरायचा तेही तिला कळणार नाही, तरी पहिलं नाव तिचंच. आज माझी लेक मानसी आतल्या खोलीत कुशीवर झोपलीय, तिच्या पोटातलं बाळ मधूनच लाथ मारतंय आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय, ते तिच्यामुळे. दुसरं नाव आमच्या जावयांचं, निखिलरावांचं, कारण ती पांढरी डबी त्यांनी आणली होती. तिसरं नाव दवाखान्यातल्या नर्सबाईंचं. ते मला दोनदा सांगूनही म्हणता आलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा विचारलं नाही.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढे लिहिणं म्हणजे पत्रं, आणि फोन आल्यावर तीही बंद झाली. पण हर्णैहून निघताना आमच्या महिला मंडळातल्या बायकांनी बजावलं होतं, "नुसते फोटो टाकू नकोस गं. काय खाल्लंस, कुठे घसरलीस, सगळं लिहून काढ." म्हणून हे लिहायला घेतलं. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

श्रूजबरीहून निघताना

मानसी आणि निखिलराव श्रूजबरीला राहतात. बाळंतपणासाठी लोक आईला शेवटच्या महिन्यात बोलावतात, मी चौथ्यातच आले. कारण आधीचं एक राहिलं नव्हतं. त्या वेळी मी इथे नव्हते, फोनवर तिचं रडणं ऐकत होते. या खेपेला ठरवून आले होते की हे बाळ सुखरूप हातात येईपर्यंत मी हिच्यापासून हलायचं नाही. खुर्चीवर चढू नको, थंड पिऊ नको, कानाला बांधल्याशिवाय दार उघडू नको. दिवसभर माझं तेच चालायचं. बॅगेत डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा सगळं आणलं होतं. शेगडी तेवढी राहिली, म्हणून निखिलरावांना सांगून ठेवलं होतं की इथे लोखंडी शेगडी आणि कोळसा कुठे मिळतो ते बघा. ते "बघतो, आई" म्हणायचे आणि बघायचे नाहीत.

आणखी एक सांगायचं म्हणजे इथल्या घरांच्या छताला धुराचा गजर बसवलेला असतो. पहिल्याच आठवड्यात मी लसणीची फोडणी दिली आणि तो असा किंचाळला की माझ्या हातातला झारा पडला. मानसी पंचा घेऊन धावत आली आणि गजराखाली उभी राहून वारा घालायला लागली. "घाबरू नको आई, फोडणीचं आहे." तेव्हापासून आमचं ठरून गेलं. फोडणी घालायची तर एकीने कढई सांभाळायची, दुसरीने पंचा. इथल्या आपल्या माणसांच्या सगळ्याच घरांत हे चालतं म्हणे.

फेब्रुवारीत मानसीला सहावा सरत आला. एक दिवस ती म्हणाली, "आई, मला चार भिंतींचा कंटाळा आलाय. सारखी भिऊन राहिले तर बाळसुद्धा भित्रं होईल." डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं. मग काय, निखिलरावांनी संध्याकाळी जाहीर केलं, "बॉबहाऊस बुक केलंय. न्यू हॅम्पशरला. तीन दिवस."

मी विचारलं, "आपण जाऊ तेव्हा हे बॉब घरीच असतील का? त्यांना अडचण नको."

दोघं इतकी हसली की मला राग आला. शेवटी निखिलरावांनी समजावलं, "आई, बॉब कोणी नाही. तळं गोठलं ना, की त्यावर लाकडी झोपडी ठेवतात. आत बसायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि मासे धरायचे. त्या झोपडीला बॉबहाऊस म्हणतात."

"झोपडी बर्फावर?"

"हो."

"आणि बर्फाच्या खाली?"

"पाणी."

मी वाढता वाढता भाताची वाटी खाली ठेवली. रात्री आमच्या ह्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "का, हर्णैला मासे संपले काय?"

दुधातले मासे

वाटेतलं सांगण्यासारखं काही नाही, नुसता रस्ता आणि बर्फ. डोनाचं घर तळ्याच्या काठाला. ती सत्तरीची असेल. उंच, पांढऱ्या केसांची एक वेणी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. एकटीच राहते. वरची खोली पाहुण्यांना देते आणि शिवाय तळ्यावरच्या दोन झोपड्यांपैकी एक देते. दारातच तिने मानसीचं पोट पाहिलं आणि आधी खुर्ची ओढली, मग हात मिळवला. माझ्याकडे बघून बोटांनी विचारलं, कितवा? मी सहा बोटं दाखवली. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तेवढ्यावर आमची ओळख झाली.

जेवायला तिने मोठ्या वाडग्यांतून पांढरं, दाट सार दिलं. बटाटा दिसत होता, कांदा दिसत होता आणि मधूनमधून माशाचे तुकडे. मी वास घेतला. दूध!

मी हळूच म्हटलं, "मानसी, हे खाऊ नको."

"आई, चावडर आहे. मस्त लागतं."

"दूध आणि मासे एकत्र? अंगावर पांढरे डाग येतात."

"अगं, इथे सगळेच खातात."

"म्हणूनच सगळे पांढरे आहेत."

निखिलरावांना ठसका लागला. डोनाने विचारलं, काय म्हणाल्या? मला वाटलं, हे काहीतरी दुसरं सांगून वेळ मारून नेतील. पण या माणसाने अक्षर न अक्षर भाषांतर करून सांगितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डोना टेबलावर थाप मारून हसली, डोळे पुसले आणि माझ्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली. मग खावंच लागलं. खरं सांगते, चांगलं होतं. अंगावर अजून तरी डाग नाही.

तळ्यावरचा पहिला दिवस

सकाळी तळ्यावर पाय ठेवला तेव्हा मी डाव्या हाताने मानसीचा दंड धरला होता आणि उजव्या हाताने निखिलरावांचा. कोण कोणाला सांभाळत होतं माहीत नाही. समोर सगळं पांढरं, पलीकडच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. त्यावर लाल, निळ्या, हिरव्या झोपड्या, जत्रेत लांबलांब पाल टाकावेत तशा. आणि चक्क गाड्या उभ्या! एवढ्यात पायाखालून कडाड् करून आवाज आला आणि तो लांबवर घुमत गेला. मी मटकन खाली बसले.

"गुड साऊंड," डोना म्हणाली. बर्फ वाढताना असा आवाज करतो. तिने गिरमिटासारख्या यंत्राने भोक पाडलं, त्यात मापाची काठी घातली आणि जाडी माझ्याच हातावर मोजून दाखवली. बोटांच्या टोकापासून कोपराच्याही वर. तेव्हा कुठे मी उठले.

झोपडी म्हणजे लाकडी खोलीच, न्हाणीघरापेक्षा थोडी मोठी. दोन बाजूंना बाकं, मध्ये फळीत दोन गोल भोकं, त्यांच्याखाली बर्फातली भोकं आणि त्यांत काळं पाणी. कोपऱ्यात एका सपाट फळीवर गॅसची शेगडी. ते हीटर म्हणतात, मी शेगडीच म्हणणार. जाळीमागे लालबुंद होते. सिलिंडर बाहेर, उभा बांधलेला, आणि नळी भिंतीतून आत. डोनाने जोडणीवर साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले तर गळती. हे मला कुणी शिकवायला नको! घरी सिलिंडर बदलला की मी हेच करते. मी तिच्या हातातला ब्रश घेतला आणि दुसऱ्या टोकाला फेस लावून दाखवला. डोनाने माझी पाठ थोपटली. मला एकदम आपण इथल्या झाल्यासारखं वाटलं.

मग तिने भिंतीतली दोन भोकं दाखवली. एक जमिनीलगत, दुसरं समोरच्या भिंतीत वर, लाकडी झडपेचं. पुष्कळ वेळ काहीतरी सांगत होती. निखिलराव तेव्हा खिळ्याला ती पांढरी डबी अडकवत होते, त्यांनी मान न वळवताच मला थोडक्यात सांगितलं, "आई, ती दोन भोकं वाऱ्यासाठी आहेत."

"आणि ही डबी?"

"विषारी गॅस झाला तर वाजेल."

"गॅस झाला तर वास येईल की."

"हा वेगळा गॅस, आई. जळताना होतो. याला वास नसतो."

मी बरं म्हटलं. पण वास नसलेला गॅस माझ्या काही डोक्यात शिरला नाही. आमच्याकडे गॅस म्हणजे वास. वास नाही, म्हणजे गॅस नाही.

तो दिवस छानच गेला. डोना आमच्यातच बसून होती आणि सारखं दार उघडून बाहेर बघायची. बाहेरही तिने भोकं पाडून त्यांवर छोटे झेंडे लावले होते. मासा लागला की झेंडा टपकन उभा राहतो. तो उभा राहिला की निखिलराव घसरत, धडपडत पळायचे आणि मानसी बाकावरून ओरडायची, "धाव धाव, गेला गेला!" इतक्या महिन्यांनी तिचा असा आवाज ऐकला. मासे पंज्याएवढे, पिवळे, अंगावर काळे पट्टे. पर्च म्हणतात. संध्याकाळी डोनाने पातळ सुरीने दोन्ही अंगांचं मांस सोडवलं आणि डोकी, काटे सरळ बादलीत टाकले.

"अगं, अगं!" मी ओरडलेच. डोकं टाकतात? मी बादली ओढून घेतली. मांसाला हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात तळलं आणि डोक्यांचं कालवण केलं. डोनाने आधी काट्या-चमच्याने खाल्लं, मग काटा बाजूला ठेवून हाताने. जेवण झाल्यावर एक डोकं चोखत बराच वेळ बसली होती.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. साधा नव्हे. बर्फाची भुकटी उडवत येणारा, तोंडावर वाळू मारावी तसा. मी म्हटलं आज घरीच बसू, पण मानसी म्हणाली, "शेगडी आहे ना आत, आई." डोना तिच्या दुसऱ्या झोपडीपाशी, हाकेच्या अंतरावर, नवी भोकं पाडत होती. निखिलरावांनी आम्हाला आत बसवलं आणि खालून वारा लागू नये म्हणून बाहेरून फावड्याने झोपडीच्या कडेकडेने बर्फ लावला. बाकीच्या झोपड्यांना तसा लावलेला त्यांनी पाहिला होता. मग ते डोनाच्या मदतीला गेले.

आत वरच्या भोकातून वारा येत होता आणि बर्फाचे कण थेट मानसीच्या मानेवर पडत होते. पोटुशी बाई, आणि मानेला वारा! मी आयुष्यभर किती बाळंतिणी पाहिल्या, किती जणींना शेकलंय. पहिलं काम काय, तर फटी बुजवायच्या. खिडकीला गोधडी, दाराखाली पोतं. बाळंतिणीला वारा लागला की जन्मभर सांधे धरतात, असंच ऐकत आले. आणि निखिलराव काल म्हणालेच होते, ती भोकं वाऱ्यासाठी आहेत. म्हणजे वारा तिथूनच येणार. मी झडप लावून घेतली आणि फटीत माझा मफलर दाबून बसवला.

काय ऊब आली सांगू! शेगडी लाल, लेक पांघरुणात, खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतंय. मला वाटलं, आता जमली खोली.

थोड्या वेळाने मानसी म्हणाली, "आई, डोकं जड झालंय गं."

"बर्फाची चमक लागली डोळ्यांना. पड जरा."

माझंही कपाळ कोणीतरी आतून दाबतंय असं वाटत होतं. म्हटलं, काल एवढं चाललो, थकवा असेल. मानसीचे डोळे मिटायला लागले. आणि ती पांढरी डबी किंचाळली.

मी काय करावं? पंचा उचलला आणि तिच्याखाली वारा घालायला लागले! सवयच ती. घालता घालता मनात म्हणतेय, इथे कसली फोडणी, हे यंत्र बिघडलेलं दिसतंय.

"आई, बंद कर ना ते," मानसी डोळे न उघडता म्हणाली. मी डबी खिळ्यावरून काढली, बटण सापडेना, म्हणून आवाज दाबायला ती पांघरुणाखाली सारत होते, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

डोना. "आउट! आउट!"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मानसीच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि बाहेर नेलं. पांघरूण दारात अडकून राहिलं. मागून निखिलराव पळत आले, त्यांनी मला ओढलं. मी बाहेर आले तेव्हा डबी माझ्या हातात तशीच ओरडत होती. मोकळ्यावर थोड्या वेळाने ती आपोआप गप्प झाली.

डोनाने बाहेरच्या बाहेर सिलिंडर बंद केला आणि फोन लावला. मानसी गुडघ्यांवर बसून ओकत होती. निखिलराव तिची पाठ धरून होते. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "आई, वरची झडप?"

"मी लावली. वारा येत होता."

त्यांची नजर झोपडीच्या पायाकडे गेली. त्यांनीच लावलेला बर्फ खालच्या भोकाच्याही वर चढला होता. "आणि खालचं मी बुजवलं," ते म्हणाले.

मला एकच दिसत होतं. ते पोट. आत काय चाललंय ते कोणाला विचारू? मी मानसीच्या पोटावर हात ठेवला. जाड कोटावरून काही कळेना. रोज या वेळी लाथ मारतं, मारू दे की एक. डोनाने माझा हात काढला नाही, त्यावर आपला हात ठेवला आणि मानसीशी सारखी बोलत राहिली. तुझं नाव काय, हा कोण, हे बोट कुठलं. तिला झोपू द्यायचं नव्हतं.

दवाखान्यात

अँब्युलन्स काठापर्यंत आली. आम्हा दोघींच्याही नाकातोंडावर प्राणवायूचं झाकण बसवलं. दवाखान्यात रक्त घेतलं. मग त्या नर्सबाईंनी मानसीच्या पोटाला पट्टा बांधला, एक कळ फिरवली, आणि खोलीत आवाज घुमला. शिलाई मशीन भरधाव चालावं तसा. धडधडधडधड, न थांबता.

मी नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांनी अंगठा वर केला. त्यानंतर मला झाकणाच्या आतच इतकं रडू आलं की ते बदलावं लागलं.

डॉक्टर म्हणाले ते निखिलरावांनी या वेळी एक शब्द न गाळता सांगितलं. या वायूला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. शेगडीला पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. दिसत नाही, वास नाही, रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. बाळाच्या रक्तातून निघायला त्याला आईपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून मानसीला बराच वेळ झाकण लावून ठेवायचं. पण डबी वाजल्यावर लगेच बाहेर निघाल्यामुळे रक्तात थोडाच गेला होता. बाळ बरं आहे. घरी गेल्यावर आपल्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

लगेच बाहेर निघालो म्हणे! आम्ही कुठे निघालो, आम्हाला काढलं.

"माझ्यामुळे गं," मी मानसीला म्हटलं.

ती झाकणाच्या आतून बोलली, आवाज डब्यातून यावा तसा. "आई, तू मफलर कोंबलास, निखिलने बर्फ कोंबला, आणि मी म्हटलं ते बंद कर. एकटीने सगळं अंगावर घेऊ नको, तिघांत वाटून घे."

डोना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती. बुटांवरचा बर्फ वितळून खाली तळं साचलं होतं. संध्याकाळी आम्हाला सोडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

हवा

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. मानसीला डोनाने अंथरुणातून उठू दिलं नाही. मी निखिलरावांना म्हटलं, "डोनाला सांगा, मला ती शेगडी पहिल्यापासून दाखव."

"आई, आता कशाला? आपण परत जातोय."

"मला कळल्याशिवाय मी इथून जाणार नाही."

तर आम्ही तिघं पुन्हा तळ्यावर गेलो. वारा पडला होता, ऊन होतं. डोनाने स्वतः काही केलं नाही, सगळं माझ्याकडून करून घेतलं. आधी फावड्याने खालच्या भोकासमोरचा बर्फ काढायला लावला. मग मला गुडघ्यांवर बसवलं आणि त्या भोकातून आत बघायला सांगितलं. समोरच्या भिंतीत वर, उघड्या झडपेतून निळं आकाश दिसलं. ते दिसेपर्यंत शेगडीला हात लावायचा नाही. रोज बघायचं, कारण रात्रीतून बर्फ आपला आपणच येऊन भोक बुजवतो.

सिलिंडर बाहेरच बदलायचा आणि फेस लावून बघायचा, ते मला येतच होतं. शेगडी सपाट फळीवर, कपडे आणि पांघरुणं तिच्यापासून हातभर लांब. शेगडीही घरात लावण्याजोगी म्हणून विकतात तीच. अंगणात शेकायची आत आणायची नाही. पेटवून डुलकी काढायची नाही, झोपायचं तर आधी बंद करायची. मधूनमधून दार उघडायचं, थंडी वाजली तरी. डोकं दुखलं, मळमळलं, काचेवर पाणी फार ओघळायला लागलं, की उठायचं. आणि डबी वाजली तर? डोनाने मला विचारलं.

मी दाराकडे बोट केलं. "आउट."

"देन?"

मी पुन्हा दाराकडे बोट केलं. ती खूश झाली. आधी माणसं बाहेर, मग काय बिघडलं ते बघायचं. पंच्याचं मी तिला सांगितलं नव्हतं, ते निखिलरावांनी सांगितलं. या वेळी मात्र ती हसली नाही, माझ्या हातावर हात ठेवला.

वरच्या झडपेपाशी येऊन ती पुन्हा म्हणाली, "एअर." परवाही हाच शब्द म्हणाली होती, मी ऐकला होता.

निखिलराव थांबले. "आई, ती एअर म्हणाली आणि मी तुम्हाला वारा म्हणालो. हवा म्हणायला हवं होतं."

मी तिथेच बाकावर बसले. खरंच की. वारा म्हटला की आम्हा बायकांचा हात आपोआप फट शोधायला जातो. वारा लागतो, वारा बाधतो, वाऱ्याला आडोसा करायचा. हवा कुणाला बाधते? हवा म्हणाले असते तर मी मफलर घेऊन उठलेच नसते असं नाही. पण एकदा तरी विचार केला असता. डोनाला मी तो शब्द शिकवला. तिने तीनदा म्हणून पाहिला. "हावा. हावा. हवा."

गाडीत बसेपर्यंत माझ्या डोक्यात आमच्याकडच्या बाळंतिणींच्या खोल्या फिरत होत्या. निखारे फुललेले, ओव्याची धुरी, दार ओढलेलं, आणि बाळंतीण गुंगीत. किती जणी म्हणायच्या, डोकं ठणकतंय. आम्ही म्हणायचो, बाळंतवात, आणखी शेका. त्या वाचल्या, कारण वर कौलं होती आणि कौलांना शंभर फटी. आम्ही खाली गोधड्या कोंबत होतो, आणि वरून घर आपलं आपण हवा घेत होतं. इथल्या घरांना फट नाही. खिडकी लावली की टाचणी जायची नाही. अशा खोलीत मी शेगडी भरून निखारे ठेवणार होते, माझी ओली बाळंतीण आणि दहा दिवसांचं पोर घेऊन.

मी पुढच्या सीटकडे वाकून म्हटलं, "निखिलराव, तो कोळसा बघू नका आता."

"मी बघतच नव्हतो, आई."

मानसी खिडकीकडे तोंड करून हसत होती. घरी परत आल्यावर आम्ही ठरवून टाकलंय, शेक गरम पाण्याच्या पिशवीने द्यायचा आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून. निखिलरावांनी निजायच्या खोलीतही एक पांढरी डबी लावलीय. इथल्या डॉक्टरीणबाईंनी परवा पुन्हा तपासलं. बाळाची वाढ चांगली आहे, म्हणाल्या. मी त्यांना तीनदा विचारलं. तीनदा तेच म्हणाल्या.

त्या दिवशी निघताना डोना आम्हाला सोडायला पायऱ्या उतरून आली. तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं की ती पायऱ्या आडवी होऊन उतरते, एकेक पाय टेकत, कठड्याला धरून. गुडघे गेलेत. आणि हीच बाई आदल्या दिवशी बर्फावरून धावत आली होती.

डोना, मला इंग्रजी येत नाही आणि तुझ्या उपयोगी पडेल असं माझ्यापाशी फारसं काही नाही. पण तेल कसं जिरवायचं ते या हातांना येतं. बाळ येऊ दे, मानसी हिंडू-फिरू लागू दे. मग निखिलराव मला तुझ्या दारात सोडतील. तिळाचं तेल कोमट करून मी रोज सकाळी तुझे दोन्ही गुडघे चोळीन, तू सरळ पायऱ्या उतरेपर्यंत. तू नको नको म्हणशील, मला काही कळणार नाही.